शेजारणीसाठी आणलेला प्रसाद

आमच्या शेजारीणबाईंना चर्चमध्ये कम्युनियन मिळणार नाही, हे त्यांनी मला कुंपणावरून सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून पहिलं काय निघालं असेल, तर, "म्हणजे प्रसाद नाही देणार? असं कसं?" बाकीचं इंग्रजीत म्हणाले, पण प्रसाद हा शब्द तसाच. त्यांना तो माहीत होता. आमच्याकडे सत्यनारायणाचा शिरा त्यांनी दोनदा खाल्ला होता आणि दुसऱ्यांदा मागून घेतला होता.

आम्ही मास्ट्रिख्ट या डच शहरापासून वीसेक मिनिटांवरच्या एका गावात राहतो. नवरा युनिव्हर्सिटीत, मी एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगला. टेस्टिंग म्हणजे दिवसभर "हे असंच का?" विचारत बसायचं. घरी आल्यावरही ती खोड जात नाही. नवरा म्हणतो, "अगं, समोरच्याला श्वास तरी घेऊ दे." पण एखादी गोष्ट कळल्याशिवाय मला चैनच पडत नाही, त्याला मी काय करू?

शेजारीणबाई सत्तरीच्या. अंगाने काटकुळ्या, आवाज मात्र खणखणीत. खेमेंटेच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या कौन्सिलमध्ये तिसऱ्यांदा निवडून आलेल्या. इथे वयाने मोठ्या माणसालाही नावाने हाक मारतात, मीही मारते, पण मराठीत त्यांच्याविषयी बोलताना तोंडात 'त्या'च येतं. हा देशाचा दक्षिणेकडचा भाग कॅथलिक. इतर ठिकाणी कितीतरी चर्चचं दुकान नाहीतर फ्लॅट झालेत, पण आमच्या गावात रविवारी अकराला अजून पन्नासेक डोकी जमतात. बहुतेक पांढरी. त्यांतली दोन डोकी शेजारीणबाई आणि त्यांचे यजमान. चाळीस वर्षं दोघं तिसऱ्या बाकावर बसले. मागच्या हिवाळ्यात यजमान गेले.

कम्युनियन कशामुळे बंद झालं, तर एका ठरावामुळे. आमच्या खेमेंटेत एक क्लिनिक आहे, तिथे गर्भपात होतात. दर आठवड्याला चारसहा माणसं त्याच्या दाराशी उभी राहायची. हातात जपमाळ, फलक, आणि आत जाणाऱ्या बाईच्या हातावर ठेवायला प्लॅस्टिकचं इवलंसं बाळ. शेजारीणबाईंनी कौन्सिलमध्ये ठराव आणला की प्रार्थना करायची तर खुशाल करा, पण रस्त्याच्या पलीकडे उभं राहून. ठराव पास झाला. वर्तमानपत्रात फोटो आला, आणि खाली त्यांचं वाक्य, की मूल हवं की नको हे त्या बाईने ठरवायचं, दारात उभ्या असलेल्यांनी नाही.

खरं सांगते, यात एवढं काय आहे ते मला आधी समजेचना. आमच्याकडे हे भांडण वेगळंच. पुण्यात कुठल्याही सोनोग्राफीच्या दारात पाटी असते की मुलगा की मुलगी हे इथे सांगितलं जाणार नाही. आमच्याकडे गर्भपात म्हटलं की मनात आधी न जन्मलेल्या मुली येतात, मग डॉक्टर, मग सासू. देव कुठे मध्ये येतच नाही. मुलीनंतर मला परत दिवस गेले होते आणि आम्ही ते ठेवलं नाही. मी रिक्षाने गेले, रिक्षाने आले, आणि संध्याकाळी आईने मऊ भात केला. वाईट वाटलं. पण देवळात जाताना पाय अडखळले, असं काही झालं नाही. अडखळायला हवे होते का, हा प्रश्न मला पहिल्यांदा इथे, या कुंपणाशी पडला.

"पण तुम्ही इतक्या ठाम आहात," मी त्यांना विचारलं, "तर मग ते देत नाहीत म्हणून एवढं वाईट का वाटतं? नाही दिलं तर नाही दिलं!"

त्या गुलाबाच्या वाळलेल्या फांद्या कापत होत्या. कात्री थांबवून म्हणाल्या, "कारण तो तिथे भेटतो."

मला वाटलं, देव. त्या म्हणाल्या, "देव तर आहेच. पण माझा नवराही. ते तोंडात घेतलं की त्या क्षणी गेलेले आणि राहिलेले एकत्र असतात, असं मला लहानपणापासून शिकवलंय. बाकी खूप शिकवलेलं मी सोडून दिलं. हे नाही सुटत. आणि पुढच्या रविवारी त्याच्या वर्षाची प्रार्थना आहे."

म्हणजे वर्षश्राद्धच की! श्राद्धाच्या दिवशी बायकोलाच पानावरून उठवायचं म्हणजे काय!

आता कम्युनियन बंद करणाऱ्या फादरांबद्दल सांगायला हवं, कारण ते कुणी खडूस म्हातारे असतील असं वाटेल. ते जेमतेम चाळिशीचे, केरळचे. इकडे आता तरुण पाद्री मिळत नाहीत, म्हणून आपल्याकडून येतात. त्यांचं शिक्षण पुण्याला पाद्र्यांच्या सेमिनरीत झालं, त्यामुळे मोडकंतोडकं मराठी बोलतात, आणि मी दिसले की "काय ताई, भेळ कधी?" असं विचारतात. ते पहिल्यांदा गावात आले तेव्हा त्यांना डच शिकवलं कुणी? शेजारीणबाईंनी, त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून. सायकल शिकवली यजमानांनी. बाई फादरांना 'तू' म्हणतात, आणि फादर बाईंना 'तुम्ही'. तेच फादर त्याच टेबलाशी बसून सांगून गेले होते की तुम्ही कम्युनियनच्या रांगेत आलात, तर मला तुमच्या कपाळावर नुसता क्रूस काढावा लागेल.

मला राहवतंय का? शनिवारी ते सुपरमार्केटात कांदे निवडताना दिसले, आणि मी गाठलंच. "फादर, तुम्ही प्रसाद कसा काय नाकारू शकता? आपल्याकडे दारात आलेल्या दुश्मनालाही देतात."

त्यांनी कांदा खाली ठेवला. "ताई, घरात बसून त्या काय मानतात ते मी विचारत नाही. रांगेतल्या कुणालाच विचारत नाही. पण त्या चारचौघांत, पदावर बसून बोलल्या. आमच्यासाठी ते पोटातलं मूल म्हणजे पूर्ण माणूस आहे. मी काही न बोलता दिलं, तर लोक म्हणतील, चर्चचंही तेच मत आहे. मग मी कशाला आहे इथे?"

"आणि त्यांचा नवरा?"

"त्यांच्या नवऱ्याचे डोळे मी मिटले, ताई," ते म्हणाले. "मला काय आनंद होतोय?" आणि कांदे न घेताच गेले. मी तिथेच उभी. चिडायचं ठरवून गेले होते, आणि धड चिडताही आलं नाही.

रविवारी सकाळी शेजारीणबाईंनी आमची बेल वाजवली. काळा ड्रेस, मोत्यांचे डूल, सगळं चर्चला निघाल्यासारखं. म्हणाल्या, "मी जात नाही. सगळ्यांसमोर कपाळावर क्रूस काढून घ्यायला नाही जाणार, आजच्या दिवशी तर नाहीच. तू जाशील का? नाव वाचतील तेव्हा घरचं कुणीतरी असावं."

घरचं कुणीतरी, असं म्हणाल्या. मी लगेच चांगला कुर्ता घातला आणि गेले.

तिसऱ्या बाकावर एकटीच बसले. सगळे उठले की उठायचं, बसले की बसायचं. फादरांनी यजमानांचं नाव वाचलं, अगदी इथल्या हेलात, बाईंनी शिकवलं असणार तसं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग रांगा लागल्या. मधली फादरांची, आणि बाजूला एक आजीबाई होत्या मदतीला, त्यांची दुसरी. लोक हात पसरत होते, आणि हातावर पांढरी, पातळ चकती पडत होती. आणि मला वाटलं, अगं, त्या येऊ शकल्या नाहीत तर काय झालं! आपल्याकडे आजारी माणसाला, सुतकातल्या माणसाला, रागावून न आलेल्या माणसालाही प्रसाद घरी नेतोच की. त्यासाठीच तर कुणीतरी जायचं असतं. मी आजीबाईंच्या रांगेत उभी राहिले.

मुलीला आधी विचारलं असतं तरी पुढचं टळलं असतं. तिच्या वर्गातल्या निम्म्या मुलांचं पहिलं कम्युनियन झालंय. पण ती घरी, आणि मी अतिशहाणी. मी प्रसादाला करतो तशी ओंजळ केली. आजीबाई डचमध्ये म्हणाल्या, "ख्रिस्ताचं शरीर." मी म्हणाले, "डांक यू वेल," म्हणजे थँक यू. त्या जरा चमकल्या, पण गोड हसल्या. नंतर कळलं, त्यांना वाटलं मी फादरांची कुणी नातेवाईक. बाकावर आले, पर्समध्ये मुलीच्या बदामांची स्टीलची डबी होती, बदाम कोटाच्या खिशात ओतले आणि चकती डबीत ठेवली. इतकं बरं वाटलं मला! नियमही मोडला नाही, आणि बाईंचंही झालं, अशी माझी समजूत.

त्या स्वयंपाकघरात बसल्या होत्या. टेबलावर जर्दाळूचा टार्ट, न कापलेला. मी डबी पुढे ठेवली, झाकण काढलं आणि म्हणाले, "घ्या. तुमच्यासाठी आणलाय."

त्यांनी आत पाहिलं आणि त्या खुर्चीवरून उठून उभ्याच राहिल्या.

"हे तू चर्चमधून आणलंस?"

"हो."

"बाहेर? डबीत?"

"स्वच्छ आहे हो डबी," मी म्हणाले. आता लिहितानाही मला कानकोंडं होतं.

त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली. मग मला बसवलं आणि अगदी हळू आवाजात, जसं लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. हा देवाला दाखवून वाटलेला खाऊ नाही. हा तोच आहे, स्वतः. तो खिशात घालून नेत नाहीत. तिथल्या तिथे तोंडात घ्यायचा असतो. आपल्या धर्मात नसलेल्याने तो घ्यायचाही नसतो. कुणाचा तरी देव मी बदामांच्या डबीत घालून, सायकलच्या बास्केटमधून खडखडत आणला होता.

"आता?" मी विचारलं.

"आता कुणीतरी तो घ्यायला हवा."

आम्ही दोघी डबीकडे बघत बसलो. त्यांचा हात टेबलावर होता. तो डबीपर्यंत गेला आणि परत आला. पुन्हा गेला, बोट काठाला लागलं. मला मनापासून वाटत होतं, घ्या हो, घेऊन टाका, मी कुणाला सांगणार नाही. पण त्यांनी फोन उचलला आणि फादरांना बोलावलं.

ते दहा मिनिटांत सायकलवर आले. डबी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "फादर, माझं चुकलं. मला वाटलं, त्या येऊ शकल्या नाहीत म्हणून..."

"घरी आणला," ते मराठीत म्हणाले. ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले नाहीत. "आमच्या घराशेजारी देऊळ होतं, ताई. उत्सव झाला की त्यांच्याकडून पायसम, म्हणजे खीर, यायचं. माझी आई आजारी होती तेव्हा तिचं वेगळं यायचं, झाकून. चुकलात तुम्ही. खूप चुकलात. पण कशामुळे ते मला कळतं." मग हेच त्यांनी बाईंना डचमध्ये सांगितलं. बाईंनी मान हलवली.

मग बाई त्यांना म्हणाल्या, "तू दिलंस तर मी घेईन. आत्ता, इथे."

"नाही देता येत."

"काय केलं तर देता येईल?"

"तुम्हाला माहीत आहे. जे चारचौघांत बोललात, ते चारचौघांत मागे घ्या."

"ते मी घेणार नाही."

"तेही मला माहीत आहे," फादर म्हणाले.

त्यांचं डच मला सगळं कळत नव्हतं, पण हे कळत होतं. दोघांच्याही आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच ऐकवत नव्हतं. फादर उठले. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "माझा फोन सायकलच्या पिशवीत राहिला वाटतं. मी पाच मिनिटांत येतो. परत आलो आणि डबी रिकामी असली, तर मी काही विचारणार नाही."

फोन त्यांच्या शर्टाच्या खिशातच होता. दिसत होता की मला!

माझा जीव भांड्यात पडला. कसा का होईना, माणूस पाझरला. आता बाई घेतील, त्यांना त्यांचा नवरा भेटेल, आणि मी टार्ट कापायला घेईन. मी सुरीसुद्धा शोधायला लागले.

"बस खाली," बाई म्हणाल्या. मला नाही, फादरांना. कौन्सिलमधला खणखणीत आवाज.

ते दारात थबकले.

"त्या क्लिनिकमध्ये बायका कशा यायच्या, तू पाहिलंयस?" त्या म्हणाल्या. "उन्हाळ्यातसुद्धा डोक्यावर टोपी ओढून. पावसात काळे चष्मे घालून. मागचं दार आहे का विचारायच्या. त्यांना चेहरा उघडा ठेवून पुढच्या दाराने जाता यावं, म्हणून मी सहा महिने भांडले. आणि तू मला सांगतोस, मी माझा देव तुझी पाठ वळल्यावर खाऊ? द्यायचा तर माझ्या हातात दे. नाहीतर तू घे."

फादर परत टेबलाशी आले. डबी उचलली. मला वाटलं, देतील. देवाशप्पथ वाटलं. त्यांनी डोळे मिटले, काहीतरी पुटपुटले आणि चकती स्वतःच्या तोंडात ठेवली. मग माझ्याकडे थोडं पाणी मागितलं, डबीत ओतून ती विसळली, आणि बदामाच्या चुऱ्यासकट ते पाणी पिऊन टाकलं. बाईंच्या खांद्याला हात लावायला पुढे झाले, मग लावला नाही, आणि गेले.

दार लागल्यावर शेजारीणबाई खाली बसल्या आणि रडल्या. यजमानांच्या अंत्यविधीलाही रडल्या नव्हत्या. "आज तो भेटला असता," एवढंच म्हणत राहिल्या. मला फादरांचा असा संताप आला म्हणून सांगू! आणि बाईंचाही आला. एवढी एक चकती, पाठ वळलेली, कोण बघतंय? मी घेतली असती. आम्ही घेतो. उपास असला तरी प्रसादाला नाही म्हणत नाही, आणि तो कुठल्या दाराने आला ते विचारत नाही. त्यांना ते जमलं नाही, फादरांनाही जमलं नाही, आणि त्या दिवशी त्या घरात मला सोडून दोघंही एकाच धर्माचे आहेत हे मला लख्ख कळलं.

पुढच्या रविवारी मी पडदा सरकवला, तर बाई काळा ड्रेस घालून सायकल काढत होत्या. चप्पल घालून तशीच मागे धावले. "मी येऊ?" तर म्हणाल्या, "ये. पण जागची हलू नकोस."

रांगा लागल्या. आजीबाईंची रांग आमच्या बाकापासून जवळ होती, छोटी होती, आणि आजीबाईंनी डोळे मिटून दिलं असतं, हे सगळ्या चर्चला माहीत होतं. शेजारीणबाई मधल्या रांगेत उभ्या राहिल्या, फादरांच्या. त्यांची पाळी आली. ज्यांना नको असतं ते छातीवर हात आडवे धरतात, म्हणजे फादर नुसता आशीर्वाद देतात. बाईंनी तसं केलं नाही. दोन्ही हात पसरून उघडे धरले आणि मान वर करून त्यांच्याकडे बघत राहिल्या.

फादर थांबले. मागची रांग थांबली. मी बाकाची कड घट्ट धरून बसले होते. मग त्यांनी हात वर नेला आणि बाईंच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढला. बाई तरीही हलल्या नाहीत. पसरलेले हात तसेच, रिकामे. मग "आमेन" म्हणाल्या, मागच्या भिंतीपर्यंत ऐकू जाईल असं, आणि सगळ्यांच्या समोरून चालत बाकावर येऊन बसल्या.

मला विचारायची खोड. तिथेही गप्प बसवलं नाही. कानाशी जाऊन विचारलं, "भेटले का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "पण मी कुठे उभी होते, ते त्याला दिसलं असेल."